थकल्या जिवाचा विसावा

भगिनींनो, आपल्या स्मरणिकेत दर खेपेस एखादा इतिहासाचा लेख असतो. नळदुर्ग आणि परंडा येथील किल्ल्यांवर आजवर पुष्कळांनी लिहिले, तुळजापूरच्या आईवरही लिहून झाले. यंदा हे काम माझ्याकडे आले तेव्हा मी ठरविले की, राजेरजवाड्यांचे सोडून आपल्या बायकांच्या थकव्याचा इतिहास लिहावा. थकव्याला कसला आला आहे इतिहास, असे कोणी म्हणेल. परंतु 'दमले बाई' हे दोन शब्द जितक्या घरांतून रोज उच्चारले जातात, तितके दुसरे कोणते शब्द उच्चारले जात असतील असे मला वाटत नाही.

थकवा दोन जातींचा असतो. एक हातापायांचा. दिवसभर खुरपण केले, चार घागरी लांबून आणल्या, दहा माणसांच्या भाकरी थापल्या की तो येतो आणि रात्री अंथरुणाला पाठ लागली की उतरतो. दुसरा थकवा झोपेने उतरत नाही. सकाळी उठावे तर तो उशाशीच बसलेला असतो. सगळे करूनही आपण कोठे तरी कमी पडलो, देवाचे काही चुकले, माणसांचे काही राहिले, असा तो बोचत राहतो. या दुसऱ्या थकव्यावर उतारा शोधताना दोन मराठी बायका ख्रिस्ताच्या वाटेने गेल्या. एक पंडिता रमाबाई, दुसऱ्या लक्ष्मीबाई टिळक. एक संस्कृतची महापंडिता, दुसरीला अक्षरओळख झाली तीही लग्नानंतर घरातच. दोघींना विसावा मिळाला. तो कसा मिळाला आणि केव्हा मिळाला, एवढेच मला येथे सांगावयाचे आहे. आपल्या मंडळात सर्व धर्मांच्या भगिनी आहेत. कोणी आपला देव बदलावा म्हणून मी हे लिहीत नाही. आपल्याच भाषेतल्या बायकांची ही हकीकत आहे आणि ती आपल्याला ठाऊक असावी, इतकेच.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकविले म्हणून त्यांच्यावर लोकांचा रोष झाला, तरी ते मागे हटले नाहीत. त्यांच्या घरी आल्यागेल्या यात्रेकरूला जेवण असे. या अन्नदानात होते नव्हते ते सरले आणि मग सारे कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. देवळात, नदीच्या घाटावर बसून पुराण सांगावे, लोक जे पुढे ठेवतील त्यावर निर्वाह करावा, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. रमाबाई आईजवळ संस्कृत शिकल्या त्या अशा चालत्या संसारात.

मग १८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. लोकांनाच खायला नाही, ते पुराणिकाला काय देणार? या कुटुंबाला दुसरे काम ठाऊक नव्हते आणि अंगमेहनत करणे कमीपणाचे वाटे. म्हणून त्यांनी देवाचा पिच्छा पुरविला. उपास केले, प्रदक्षिणा घातल्या, स्नाने केली, जवळ असलेली भांडीकुंडी विकून ब्राह्मणांना दक्षिणा दिली. काही तरी चुकते आहे म्हणून देव पावत नाही, अशी समजूत. शेवटी तांदळाचा शेवटचा दाणा संपला आणि अकरा दिवस पाने, पाणी आणि मूठभर रानखजूर यांवर काढावे लागले. पुढे वडील गेले, काही महिन्यांतच आई गेली, मागाहून बहीणही गेली. आईला न्यावयास माणसे मिळेनात. दोघा ब्राह्मणांना कीव आली. ते दोघे, भाऊ श्रीनिवास आणि चौथी ही सोळा वर्षांची मुलगी. उंचीने ठेंगणी असल्याने तिचा खांदा पुरेना, म्हणून तिने तिरडीचा आपला भाग डोक्यावर घेतला. हे त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेविले आहे.

आपल्याकडे बहात्तरचा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्या म्हाताऱ्या बायांना हे समजावून सांगावे लागणार नाही. रस्त्याच्या कामावर खडी फोडणारे हात आणि सुकडीसाठी लागलेली रांग आपल्या जिल्ह्याने १९७२ साली पाहिली आहे. मात्र बहात्तर साली निदान खडी फोडायला होती. रमाबाईंच्या कुटुंबाला तोही आधार नव्हता.

आईबाप गेल्यावर बहीणभाऊ पायी निघाले ते हिंदुस्थानभर. हजारो मैल चालले. पंजाबात थंडीत पांघरूण नाही, म्हणून झेलम नदीच्या काठी दोन खड्डे खणले आणि त्यांत निजून अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली. तरी सुद्धा व्रते चालूच होती. परंतु आता मनातला विश्वास उडत चालला होता. पायांचा थकवा आणि मनाचा थकवा एक झाला म्हणजे काय होते, ते या दोन भावंडांना विचारावे.

१८७८ साली ती दोघे कलकत्त्याला पोहोचली आणि तेथे दिवस पालटले. वीस वर्षांच्या या मुलीची विद्या पाहून तेथल्या विद्वानांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' अशा पदव्या दिल्या. पण सुख फार टिकले नाही. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केले, जातीबाहेर. १८८१ च्या एप्रिलमध्ये मनोरमा जन्मली आणि ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पटकीने नवरा गेला. तेवीस वर्षांचे वय, कडेवर वर्षाच्या आतली पोर आणि सासरमाहेरचे म्हणावे असे कोणी नाही.

त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढे बायकांच्या शिक्षणाविषयी साक्ष दिली. हे सर्व एकाच वर्षात, १८८२ साली. १८८३ साली मुलीला घेऊन त्या विलायतेला गेल्या. तेथे एका मठातील बहिणींनी त्यांना आपले काम दाखविले. ज्या बायकांना समाजाने वाया गेलेल्या म्हणून टाकून दिले, त्यांना या बहिणी जवळ बसवीत, जेवू घालीत, पुन्हा उभे करीत. रमाबाईंना नवल वाटले. आपल्या शास्त्रांत अशा बाईला शिक्षा आहे आणि हे लोक तिच्याशी मायेने कसे वागतात? तेव्हा त्यांना शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखविण्यात आली.

ती गोष्ट आपल्या भागातल्या बाईला पहिल्याच वाक्याला कळेल. एक बाई भर दुपारी विहिरीवर पाण्याला येते. इतर बाया सकाळी येऊन गेलेल्या. हिची चालचलणूक गावाच्या डोळ्यांत खुपणारी, म्हणून ही उन्हातान्हात एकटी येत असावी. विहिरीच्या कठड्यावर वाटचालीने दमलेला येशू बसलेला असतो. तो तिच्याजवळ पाणी मागतो. ती म्हणते, तू यहुदी, मी शोमरोनी, माझ्या हातचे पाणी तुला कसे चालते? दोन्ही जातींचा पाण्याचा व्यवहार नव्हता. मग बोलणे वाढत जाते आणि ती घागर तेथेच टाकून गावात धावत सुटते. आपल्याकडे बारा महिन्यांतले चार महिने टँकरची वाट पाहणाऱ्या बाईने घागर टाकून धावणे म्हणजे काय, हे मी निराळे सांगत नाही. रमाबाईंच्या मनात ही गोष्ट रुतली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज गावी त्यांनी आणि लहानग्या मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

येथे पुष्कळ लेखक थांबतात. बाप्तिस्मा झाला, शांती मिळाली, समाप्त. परंतु रमाबाईंनी स्वतः तसे लिहिलेले नाही. मला त्यांच्या चरित्रातला सर्वांत खरा भाग वाटतो तो याच्या पुढचा.

पुढची आठ वर्षे त्या कामात बुडून गेल्या. १८८६ साली आपल्या आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या, त्या समारंभाला रमाबाई गेल्या. हिंदू विधवांच्या स्थितीवर १८८७ साली त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले, अमेरिकेत गावोगावी व्याख्याने देऊन पैसा उभा केला आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस विधवांसाठी 'शारदा सदन' उघडले. त्यांची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. याच गोदूबाईंनी १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. एवढे सगळे हातून झाले, नावलौकिक झाला, पण मन निवले नव्हते. त्यांनी पुढे आपल्या साक्षीत सांगितले की, मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. म्हणजे काय? मला समजले ते असे. लहानपणी आईबापांबरोबर उपास, स्नाने, दक्षिणा चालल्या होत्या. आता त्यांच्या जागी नव्या धर्माचे नियम, प्रार्थना, सत्कर्मे आली. नाव बदलले, पण काही तरी भरीत राहिल्याशिवाय देव जवळ करणार नाही, ही धास्ती तीच राहिली. जुन्या घरचे ओझे नव्या घरात आणून ठेविले, एवढेच.

१८९१ च्या सुमारास विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज पाळकाचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले. हा मनुष्य स्वतः पाळक होता, देवळे बांधीत होता, उपदेश करीत होता, आणि एके दिवशी आपल्यालाच हे सारे उमगलेले नाही असे त्याच्या ध्यानी आले. रमाबाईंना त्यात आपला चेहरा दिसला. ज्या क्षमेसाठी आपण धडपडतो आहो ती कमवावयाची नसून नुसती घ्यावयाची आहे, हे त्यांना त्या वेळी पटले. आपल्याकडे साहूकाराची रीत सर्वांना माहीत आहे. एखाद्या कुणब्याने वर्षानुवर्षे व्याज भरीत राहावे, धास्तीने झोपू नये आणि एके दिवशी त्याला कळावे की, खत तर केव्हाच फाडून टाकलेले आहे. त्या कुणब्याला त्या रात्री कशी झोप लागेल? रमाबाईंचा विसावा त्या जातीचा होता. बाप्तिस्म्यानंतर तो आठ वर्षांनी आला, हे मला फार धीराचे वाटते. ज्यांना देवळात जाऊनही, चर्चमध्ये जाऊनही, मन अजून शांत होत नाही, त्यांनी आपणच करंट्या असे समजू नये. पंडितेलाही आठ वर्षे लागली.

आता गंमत पाहा. विसावा मिळाल्यावर माणूस बसेल असे आपल्याला वाटते. रमाबाईंचे खरे काम येथून पुढे सुरू झाले.

आधी वादळ आले. शारदा सदन तोवर पुण्यास हलले होते. रमाबाईंनी मुलींना ख्रिस्ती करणार नाही, धर्मशिक्षण देणार नाही, असे कबूल केले होते. त्या स्वतः सकाळी प्रार्थनेला बसत. दार उघडे असे आणि काही मुली आपण होऊन येऊन बसत. 'केसरी'ने त्यावर टीका केली, न्यायमूर्ती रानडे आणि डॉक्टर भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि १८९३ साली अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. या वादात दोन्ही बाजू आहेत असे मला वाटते. उघड्या दाराला जबरदस्ती म्हणता येत नाही हे खरे. पण ज्या बापाने विधवा लेक विश्वासाने पाठविली, त्याला ती परधर्मात जाईल अशी भीती वाटली, तर त्यालाही मी वेडा म्हणणार नाही. असो. आठ वर्षांपूर्वीच्या रमाबाई या आघाताने खचल्या असत्या. या वेळी त्या खचल्या नाहीत.

१८९६-९७ साली मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. तेथे पोरक्या मुली आणि विधवा रस्त्याने हिंडत आहेत, त्यांना वाईट लोक फसवून नेत आहेत, असे रमाबाईंच्या कानी आले. अकरा दिवस पाने खाऊन काढलेल्या बाईला हे ऐकून घरी बसवेना. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व बाया घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेग. इतक्या माणसांना शहरात ठेवण्यास परवानगी मिळेना. म्हणून केडगावास आधी घेतलेल्या मोकळ्या जमिनीवर झोपड्या आणि तंबू ठोकून त्यांना ठेविले. तेच पुढे 'मुक्ती सदन'. सोलापूरहून आगगाडीने पुण्यास जाताना दौंड ओलांडले की थोड्या वेळाने केडगाव स्टेशन लागते. आपल्यापैकी पुष्कळजणी तेथून गेल्या असतील. १८९९-१९०० च्या दुष्काळात निजामाच्या राज्यातला आपला मराठवाडाही होरपळला. त्या साली रमाबाईंनी गुजरातेकडून आणखी मुली आणल्या आणि मुक्तीतली माणसे दोन हजारांच्या घरात गेली.

दोन हजार माणसांचा स्वयंपाक! आपण मंडळाच्या हळदीकुंकवाला शंभर बायांचा चिवडा करतो, तर आठवडाभर त्याच्या गोष्टी सांगतो. तेथे विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, गाई पाळल्या, हातमाग चालला, तेलाचा घाणा फिरला, छापखाना उभा राहिला. कामे शिकणाऱ्या आणि करणाऱ्या बहुतेक बायाच. आंधळ्या मुलींसाठी 'बार्तीमी सदन' निघाले. तेथे मनोरमाबाईंनी बोटांनी वाचण्याची ब्रेल लिपी शिकविली. ज्यांना कोणीच दारात उभे करीत नसे अशा बायांसाठी 'कृपा सदन' होते. विलायतेत त्या बहिणींच्या घरी जे पाहिले होते, ते असे केडगावच्या माळावर उगवले.

लोक म्हणत, ही भुकेली माणसे, भाकरीसाठी ख्रिस्ती झाली. मला विचाराल तर उपाशी पोरीला आधी भाकरी द्यावी, हा धर्माचा पहिला धडा आहे, मग तो कोणत्याही धर्माचा असो. त्यांतल्या किती पोरींचा विश्वास पोटातून वर चढला आणि किती जणींचा मनातून उगवला, हे त्यांचे त्यांना माहीत. ज्या पोरीने महिनोन्महिने रस्त्यावर काढले, तिला छप्पर, आंघोळ आणि हाक मारणारे माणूस मिळाले. विसाव्याची पहिली पायरी तिच्यासाठी तीच होती.

आपल्या भागाशी या कामाचा एक धागा जुळतो, तो सांगून ठेवते. निजामी अमलात उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि रायचूर हे जिल्हे एकाच गुलबर्गा सुभ्यात होते. १९१२-१३ च्या सुमारास रमाबाईंच्या मुक्तीने गुलबर्ग्यास शाळा काढली आणि मनोरमाबाई तिच्या मुख्य झाल्या. १९४८ च्या सप्टेंबरात निजामी गेली, १९५६ साली गुलबर्गा कानडी मुलखात गेले. आपला उस्मानाबाद १९५६ साली मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. २०२३ साली त्याचे धाराशिव हे नाव परत झाले. पण त्या काळी एकाच सुभ्यातल्या शेजारच्या जिल्ह्यात एक मराठी विधवेची लेक शाळा चालवीत होती, ही गोष्ट आपल्या घरांतून कोणी सांगत नाही.

हे विसावा आणि काम यांचे कोडे कसे सुटते? मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात येशू कष्टी आणि ओझ्याने दबलेल्या लोकांना आपल्याकडे बोलावतो आणि विसावा देईन म्हणतो. हे वचन ख्रिस्ती घरांच्या भिंतीवर टांगलेले असते. पण लगेच पुढे तो काय म्हणतो, ते बहुधा भिंतीवर नसते. तो म्हणतो, माझे जू आपल्यावर घ्या. थकलेल्या बैलाला कोणी जू देतो का? शहरातल्या माणसाला येथे अडखळायला होईल. शेतकऱ्याच्या घरच्या बाईला होऊ नये. बैल नुसत्या कामाने झिजत नाही. जू बेताचे नसेल, एका बाजूला रुतत असेल, तर खांदा सोलवटतो आणि निम्म्या कामातच बैल बसतो. नीट घासून पुसून मानेला बसेल असे केलेले जू असेल, तर तोच बैल दिवसभर चालतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण खांदमळणी करतो, हळद आणि लोणी लावून बैलांचे खांदे चोळतो. वर्षभर जू कोठे लागले ते त्या दिवशी हाताला कळते. येशू सुताराच्या घरचा होता. त्याने जुवाचाच दाखला घ्यावा, यात मला नवल वाटत नाही. शिवाय जुवात दोघे असतात, एकटा नसतो. रमाबाईंचे काम १८९१ नंतर कितीतरी पटींनी वाढले, पण सोलवटणारे जू उतरले होते.

आता लक्ष्मीबाई. रमाबाईंची विद्या पाहून आपल्याला दबल्यासारखे होते. लक्ष्मीबाई मात्र आपल्या चुलीशेजारी बसावयास येणाऱ्या बाईसारख्या आहेत. १८६८ साली नाशिकजवळ जलालपुरास त्यांचा जन्म झाला. माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. वडिलांना सोवळ्याचे असे वेड लागलेले की, बाहेरून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात घ्यावयाची नाही. घरातल्या बायापोरांचा अर्धा जन्म या धुण्यात गेला. देवाच्या नावाने माणूस घराला कसे दमवू शकतो, हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने 'स्मृतिचित्रे' उघडावे. आणि गंमत अशी की, लक्ष्मीबाई ते सर्व हसत हसत सांगतात.

अकराव्या वर्षी त्यांचे लग्न नारायण वामन टिळकांशी झाले. नवरा कवी, दिलदार आणि तापट. हातात पैसा आला की दुसऱ्याला देऊन मोकळा व्हावयाचा. लहर लागली की घर सोडून निघून जावयाचा. लेकरे झाली, त्यांतली गेलीही. १८९३ साली आगगाडीच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाने टिळकांना नवा करार दिला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बायकोला पत्ता नाही. बातमी आली तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. नवरा जिवंत आणि बाई ना सधवा ना विधवा. लहान दत्तूला घेऊन त्या नातेवाइकांच्या आश्रयाने राहिल्या. त्यांतले काही दिवस आपल्या शेजारच्या पंढरपुरात गेले. जिवाला सुख नाही, अन्न गोड लागेना, मन भ्रमिष्टासारखे झाले.

चारपाच वर्षांनी त्या नवऱ्याकडे गेल्या. पण कशा? सोवळे बरोबर घेऊन. नवऱ्याच्या हातचे पाणी नको, स्वयंपाक वेगळा, चूल वेगळी. नवऱ्यावर जीव आणि त्याचा विटाळ, अशा दोन जुवांत ही बाई एकाच वेळी जुंपलेली. मग एकदा एकान्तात त्या विचार करू लागल्या की, ही जात देवाने केली की माणसाने? देवाने केली असती तर पशुपक्ष्यांत दिसतो तसा काही भेद माणसामाणसांच्या अंगावर दिसला असता. तो तर दिसत नाही. मिशनऱ्याने सांगितले नाही, नवऱ्यानेही वाद घातला नाही. बाईने आपल्या बुद्धीने ते गणित सोडविले आणि कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय केला. आधी सोवळे गळाले, बाप्तिस्मा मागाहून, १९०० साली राहुरीस झाला. ज्या घरात मीठमिरची शिवाशिवीतून वाचविण्यात बायका दमून जात, त्या घरची लेक दुष्काळातली पोरकी पोरे पदराखाली घेऊन एका ताटात जेवू लागली. त्यांतली कितीतरी पोरे ज्यांची सावली तिच्या वडिलांना चालली नसती अशा घरची होती.

भगिनींनो, या सोवळ्यावर मी एवढी रेंगाळले याचे कारण आहे. आपल्याकडे पाण्याला शिवू न देण्याचे दिवस फार जुने नाहीत. शिवू न देणारा आणि शिवू न दिलेला, दोघेही त्यात दमतात. दुसऱ्याचे दुःख अर्थात पुष्कळ मोठे. त्याची बरोबरी करू नये. परंतु पहिल्याच्या घरातली बाईही रात्रंदिवस राखण करीत बसलेली असते, ही गोष्ट लक्ष्मीबाईंनी जशी उघड केली तशी मी दुसऱ्या कोणाच्या लिहिण्यात पाहिली नाही.

त्यांचा देव काही परका झाला नाही. टिळक म्हणत की, आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. त्यांनी ख्रिस्ताची कीर्तने रचली, अभंग लिहिले. वारीच्या मुलखातल्या माणसाला ती भाषा ओळखीची वाटते. संसार मात्र ख्रिस्ती झाल्यावरही तसाच ओढग्रस्त राहिला. पैसा टिकत नव्हता, टिळकांचा राग गेला नव्हता, पाहुणा अवेळीच यावयाचा. विसावा मिळाल्यावर तक्रारी संपतात असे जे सांगतात, त्यांनी लक्ष्मीबाईंचे पुस्तक वाचलेले नाही. फरक झाला तो एवढाच की, कसल्याशा धास्तीने त्या पूर्वी रडत, त्या आता त्याच गोष्टींवर हसू लागल्या. ९ मे १९१९ रोजी टिळक गेले. त्यानंतर त्यांनी मुलींच्या वसतिगृहात काम केले, मुलासुनेबरोबर कराचीला राहिल्या.

रमाबाईंची अखेरची वर्षे त्याच सुमाराची. कान फार वर्षांपासून अधू. बायबल मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून सोप्या मराठीत आणण्याचे काम त्या वर्षानुवर्षे करीत होत्या. खेड्यातल्या बाईला कळावे, संस्कृत शब्दांनी तिची वाट अडू नये, असा त्यांचा हट्ट होता. संस्कृतच्या पंडितेने असा हट्ट धरावा! २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई गेल्या. एकुलती एक लेक, जिच्या हाती मुक्ती सोपवावयाची ती. चाळीस वर्षांची. आईने काम थांबविले नाही, मुद्रिते तपासणे चालू ठेविले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे देहावसान झाले. मुक्तीतल्या मुलींनी खिळे जुळवून, स्वतः छापून ते पुस्तक १९२४ साली पुरे केले. ज्यांना दुष्काळात रस्त्यावरून उचलून आणले होते, त्यांच्यासारख्यांच्या हातचे ते खिळे.

तिकडे लक्ष्मीबाईंनीही एक अर्धे काम हातात घेतले होते. टिळकांनी ओवीत ख्रिस्ताचे चरित्र लिहावयास घेतले होते, 'ख्रिस्तायन'. दहाअकरा अध्यायांवर ते राहून गेले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईने उतारवयात ते पुढे चालविले आणि साठांवर अध्याय लिहिले. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली निघाला आणि मराठी वाचक थक्क झाला. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला लक्ष्मीबाई वारल्या. 'ख्रिस्तायन' छापून हाती आले ते त्यानंतर दोन वर्षांनी.